सुई, जेट आणि चामड्याचा भाता

जुन्या एमजीचे बॉनेट उघडले की इंजिनाच्या एका अंगाला शेजारी शेजारी बसलेले ॲल्युमिनियमचे दोन घुमट आधी नजरेत भरतात. डोक्यावर छोटी टोपी, कडेला पेट्रोलचे वाटीएवढे भांडे, तोंडाशी हवेची जाळी. जॅग्वार ई-टाइपमध्ये असे तीन घुमट ओळीने असतात, ऑस्टिन-हीली १०० मध्ये दोन, साध्या मिनीत एक. हे एस.यू. कार्ब्युरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे. जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करणारी माणसे पत्रा, रंग आणि चामडी सीटा यांत वर्षे घालवतात. पण रंग चढून, क्रोम चमकून गाडी दारात आली तरी ती धावणार की नुसती शोभेला राहणार, हे बरेचसे या घुमटांच्या आत ठरते. या गाड्यांमध्ये मला सर्वांत आदर वाटतो तो याच भागाचा. तो उघडला की कर्त्याने काय विचार केला होता, ते जसेच्या तसे समोर येते. चार स्क्रू सोडवायची तयारी असलेल्या कुणालाही ते वाचता येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारवाल्यांची मोठी डोकेदुखी होती ती मिश्रणाची. पेट्रोल इंजिनाला वजनाने साधारण पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल लागते. हवा नळीतून ओढली जाते, नळीच्या अरुंद जागी तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि तिथे बसवलेल्या बारीक तोंडाच्या जेटमधून पेट्रोल खेचले जाते. इथवर सोपे. अडचण अशी की इंजिन एका चालीने फिरत नाही. ते संथ फिरताना हवा इतकी मंद असते की पेट्रोलचा फवारा नीट उडतच नाही. जोरात फिरताना पेट्रोलचे प्रमाण हवेच्या मानाने जास्त वाढते, मिश्रण रिच होते आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. युरोपातल्या बहुतेक कारखानदारांनी यावर जेटांची संख्या वाढवली. संथ चालीला एक, भर चालीला दुसरा, एकदम पिकअप घ्यायला छोटा पंप. झेनिथ, सोलेक्स आणि पुढे वेबर ही घराणी या वाटेने गेली.

जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने उलटा विचार केला. जेट एकच ठेवायचा आणि हवेची वाटच इंजिनाच्या मागणीप्रमाणे लहानमोठी होऊ द्यायची. हा माणूस इंजिनिअरिंगच्या कारखान्यातून आलेला नव्हता. लंडनमध्ये लिली अँड स्किनर नावाची जोडे विकणारी मोठी पेढी होती, त्या घराण्यातला तो. मोटारीचे वेड मात्र भारी. १९०४ मध्ये त्याने आपला कार्ब्युरेटर तयार केला, १९०५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०६ च्या सुरुवातीला ते मिळाले. त्या पहिल्या यंत्राचा हलता भाग म्हणजे चक्क चामड्याचा भाता होता. आपल्या पेटीचा भाता हवा ढकलतो, हा हवेच्या ओढीने हलायचा. इंजिनाची ओढ वाढली की तो वर उचलला जाई, खालची वाट रुंद होई आणि त्याच्याशी जोडलेली निमुळती सुई जेटमधून वर सरके. सुई जितकी वर, तितकी तिच्याभोवतीची फट मोठी आणि तितके पेट्रोल जास्त. ओढ कमी झाली की सगळे आपल्या वजनाने खाली. हवेची वाट मागणीप्रमाणे उघडत असल्यामुळे जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग जवळजवळ सारखा राहतो आणि फवारा प्रत्येक चालीला तसाच बारीक उडतो. ते भाते आपली आई शिवत असे, अशी आठवण हर्बर्टच्या मुलाने सांगून ठेवली आहे. चामड्याच्या धंद्यातल्या घरात, घरच्या बाईच्या सुईदोऱ्याने शिवलेला भाता मोटारीच्या इंजिनावर चढला. तसा एक कार्ब्युरेटर आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

हर्बर्ट आयुष्यभर जोड्यांच्या पेढीचा संचालक राहिला. कार्ब्युरेटरचा धंदा उभा केला तो त्याचा धाकटा भाऊ कार्ल याने. कार्लने जोड्यांच्या धंद्यातला आपला वाटा विकला आणि यूस्टन रोडवरच्या ज्या वेल्स कंपनीत हे कार्ब्युरेटर बनत, तिच्यात भागीदारी घेतली. ऑगस्ट १९१० मध्ये स्किनर्स युनियन या नावातून एस.यू. कंपनी नोंदवली गेली आणि उत्तर लंडनच्या केंटिश टाउन भागात कारखाना सुरू झाला. चामडे पेट्रोलच्या वाफेत आणि उन्हाथंडीत टिकणारे नव्हते. पुढच्या सुधारणांत भाता जाऊन त्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला, घुमटात वरखाली सरकणारा. बाकी कल्पना तीच राहिली.

पहिले महायुद्ध संपल्यावर कंपनीची आर्थिक ओढाताण होऊ लागली. तेव्हा कार्लने आपल्या एका गिऱ्हाईकाला गळ घातली. ते गिऱ्हाईक म्हणजे ऑक्सफर्डचा मोटार कारखानदार विल्यम मॉरिस, पुढचा लॉर्ड नफील्ड. १९२६ च्या अखेरीस मॉरिसने एस.यू. विकत घेतली, काम बर्मिंगहॅमला हलवले आणि कार्लला कारभारावर कायम ठेवले. तो १९४८ पर्यंत तिथे होता.

हा व्यवहार मला या सगळ्या कहाणीचा कणा वाटतो. मॉरिसच्या ऑक्सफर्डमधल्या मॉरिस गॅरेजेसमधूनच सेसिल किंबरने एमजी उभी केली आणि १९२९ मध्ये ती ॲबिंग्डनला गेली. म्हणजे एमजीला कार्ब्युरेटर घरचाच मिळत होता. वुल्झली मॉरिसकडे आली, रायली आली, १९५२ मध्ये ऑस्टिनही त्याच छत्राखाली आली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. प्रत्येक वेळी एस.यू. नव्या घरात सोबत गेला. ब्रिटिश स्पोर्ट्स कार म्हणजे दोन एस.यू., हे चित्र लोकांच्या डोळ्यांसमोर बसले त्यामागे यंत्राची गुणवत्ता होतीच, पण मालकीच्या कागदांचाही तेवढाच हात होता. उत्तम पण अनाथ अशी कितीतरी यंत्रे त्या काळात विरून गेली. याला मोठे घर मिळाले म्हणून याचे सुटे भाग लाखोंनी बनले आणि आज सत्तर वर्षांच्या गाडीला ते मिळू शकतात.

दुसऱ्या महायुद्धात एस.यू. कंपनी रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनासाठी विमानांचे कार्ब्युरेटर बनवत होती. ते मोटारींच्या कार्ब्युरेटरपेक्षा वेगळे आणि बरेच मोठे होते, पण पेट्रोलची पातळी राखायला त्यांतही भांड्यात तरंगणारा फ्लोटच होता. स्पिटफायर किंवा हरिकेन विमानाने नाक खाली घालून एकदम सूर मारला की पेट्रोल भांड्याच्या वरच्या अंगाला चढे. आधी इंजिनाची उपासमार होई आणि लगेच नंतर फ्लोट भलतीकडे गेल्यामुळे पेट्रोलचा पूर येई. जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये इंधन थेट पिचकारीने आत जाई, त्यामुळे त्याचा वैमानिक खाली झेपावून निसटून जाई. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या बिआट्रिस शिलिंग यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे इंधनाच्या वाटेत बसवायची छोटीशी भोकाची चकती. इंजिनाला पूर्ण ताकदीला लागेल तेवढेच पेट्रोल त्या भोकातून जाई, त्यापुढे नाही. इंजिन न उतरवता ती बसवता येई. १९४१ च्या सुरुवातीला त्यांच्या पथकाने विमानतळामागून विमानतळ गाठून ही चकती बसवली. शिलिंग स्वतः नॉर्टन मोटारसायकलवर ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैलांच्या वर गेलेल्या होत्या. इंधनाची वाट इंजिनाच्या अंगाने कशी विचारात घ्यायची, हे त्यांना हातांनी ठाऊक होते.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटनला परदेशी चलन हवे होते आणि पोलाद मिळायचे ते निर्यात करणाऱ्याला. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० एमजी टीसी बनल्या, सव्वा इंची दोन एस.यू. लावलेल्या. १९५५ ते १९६२ मध्ये लाखभर एमजीए बनल्या. त्यांतल्या फार थोड्या ब्रिटनमध्ये राहिल्या, बहुतेक अमेरिकेला गेल्या. मग १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबी, पाच लाखांच्या वर. या गाड्यांबरोबर एस.यू. कॅलिफोर्नियात, टेक्ससमध्ये, ऑस्ट्रेलियात पोहोचला आणि तिथल्या गॅरेजवाल्यांना तो शिकावा लागला.

शिकायला सुरुवात होते ती नावापासून. एचएस४ मधला आकडा सांगतो की तोंड एक इंचाहून किती अष्टमांश मोठे आहे. चार अष्टमांश म्हणजे दीड इंच, हे एमजीबीचे माप. एचएस२ म्हणजे सव्वा इंच. ई-टाइपचे एचडी८ म्हणजे पुरे दोन इंच. खरी विद्या मात्र सुईत आहे. सुई वरवर पाहिली तर सारख्या उताराने निमुळती होत गेल्यासारखी दिसते, पण दर अष्टमांश इंचाला तिची जाडी वेगळी मोजून घासलेली असते. अशा शेकडो सुया निघाल्या आणि प्रत्येकीला अक्षरांची किंवा आकड्यांची खूण मिळाली. इंजिन कुठल्या चालीला किती भुकेले आहे, याची सारी नोंद त्या दोन-अडीच इंचांच्या पितळेत कोरलेली असते. दिव्याखाली धरून पाहिली तर जेटला घासून एका अंगाला पडलेली चमक दिसते. ती दिसली की सुई आणि जेट दोन्ही बदलायचे.

देखभालीचा पहिला नियम असा की दट्ट्या आणि घुमट ही जोडी फोडायची नाही. एका कार्ब्युरेटरचा घुमट दुसऱ्याच्या दट्ट्यावर चढवला तर फट बिघडते, कारण कारखान्यात ते एकमेकांना जुळवून दिलेले असतात. दट्ट्या पेट्रोलने पुसायचा, पॉलिश पेपर लावायचा नाही आणि त्याच्या कडांना तेलही नाही. तेल फक्त मधल्या पोकळ दांड्यात, तेही पातळ इंजिन ऑइल. एमजीबीत त्याची पातळी दांड्याच्या तोंडापासून अर्धा इंच वर. या तेलात बुडालेला छोटा डॅम्पर ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर दट्ट्याला झटक्यात वर जाऊ देत नाही. त्या क्षणभरात मिश्रण थोडे रिच होते आणि गाडी अडखळत नाही. इतर कार्ब्युरेटरांत यासाठी वेगळा पंप असतो. इथे चमचाभर तेल ते काम करते. तेल आटले की गाडी पिकअपला गचके खाते, आणि कितीतरी वेळा मालक इग्निशनचे दोष शोधत बसतो.

चोक ओढला की इथे हवेची वाट बंद होत नाही, जेटच खाली सरकतो आणि सुईभोवतीची फट वाढते. जेटच्या खालचा षट्कोनी नट फिरवून मिश्रण बसवायचे. नट वर नेला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, खाली आणला की रिच, आणि हिशेब नटाच्या एकेका बाजूचा, म्हणजे एक षष्ठांश फेरा. बरोबर बसले की नाही, ते विचारायची पद्धत मला फार आवडते. घुमटाच्या खाली एक बारीक पिन असते. इंजिन गरम होऊन आयडलिंगला चालू असताना ती पिन बोटाने मिलिमीटरभर वर दाबायची, म्हणजे दट्ट्या किंचित उचलला जातो. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच. वेग पडला आणि इंजिन बंद पडू लागले तर लीन. क्षणभर वाढून पुन्हा पहिल्या चालीवर आला तर बरोबर. कुठलेही यंत्र न लावता, फक्त कानाने. दोन कार्ब्युरेटर समतोल करतानाही तसेच. रबरी नळीचे एक टोक कानाला, दुसरे आधी एका तोंडाशी आणि मग दुसऱ्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू सरकवत राहायचे. आज त्यासाठी काट्याची मीटर मिळतात, तीही चांगली असतात. पण कान तयार झालेल्या माणसाला मीटरची गरज खरोखर पडत नाही.

इंजिन बंद असताना दट्ट्या वर उचलून सोडला तर खाली टेकताना टक असा धातूचा आवाज यायला हवा. आला नाही तर सुई जेटच्या मध्यात नाही. जुन्या प्रकारांत जेट सैल करून, मध्यावर आणून, पुन्हा आवळण्याचे हे काम चिकाटीचे असते. पुढे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा स्प्रिंगवर टेकलेली, मुद्दाम एका अंगाला झुकवलेली सुई निघाली. ती जेटच्या कडेला कायम टेकून राहते, त्यामुळे मध्य साधायची कटकट गेली.

आपल्याकडचा धागा इथे जुळतो. एमजीएचे १४८९ सीसीचे बी-सिरीज इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसिडरचे १४८९ सीसीचे इंजिन एकाच कुळातले. बंगालमधल्या उत्तरपाऱ्याला हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून ॲम्बॅसिडर काढली आणि वर्षानुवर्षे तिच्यावर एक एस.यू. बसत होता. एमजीएत दोन एस.यू., जास्त कॉम्प्रेशन आणि सुमारे ७० अश्वशक्ती. ॲम्बॅसिडरला एक, आणि ताकद पन्नाशीच्या आसपास. पण घुमट तोच, सुईची पद्धत तीच. मुंबईत मंत्रालयाच्या आवारात उभ्या असलेल्या पांढऱ्या ॲम्बॅसिडरींच्या बॉनेटखाली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सरकारी गॅरेजांत ज्या मेस्त्रींनी हा कार्ब्युरेटर साफ केला, त्यांच्यासमोर एमजीए आणून उभी केली असती तरी त्यांना नवे असे फारसे काही शिकावे लागले नसते. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणे आणि मग इंधनाच्या पंपावर ओले फडके टाकून वाट पाहणे, हेही या इंजिनाबरोबर आलेले. हवा आत जायची आणि धूर बाहेर जायचा मार्ग एकाच बाजूला असल्याने कार्ब्युरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या डोक्यावरच बसतो. एमजीत म्हणूनच मध्ये पत्र्याची आड असते, आणि गाडी दुरुस्त करताना ती बसवायला विसरणारा मालक पहिल्याच उन्हाळ्यात पस्तावतो.

एस.यू.चे नातलगही बरेच. स्वीडनच्या व्होल्वोने पी१८०० वर दोन एस.यू. लावले. जपानच्या हिताचीने याच पद्धतीचे कार्ब्युरेटर बनवले आणि ते डॅटसन २४०झेडवर चढले. स्ट्रॉम्बर्ग सीडी हा ब्रिटनमधलाच प्रतिस्पर्धी. ट्रायम्फवाल्यांना आपला कार्ब्युरेटर प्रतिस्पर्धी कंपनीच्या कारखान्यातून घ्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी हा धरला. स्ट्रॉम्बर्गमध्ये दट्ट्याच्या कडेला रबरी पडदा आहे, म्हणजे एका अर्थाने हर्बर्टचा भाता चामड्याऐवजी रबराचा होऊन परत आला. १९७५ पासून अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबींवर एकच स्ट्रॉम्बर्ग यायचा. तिथले मालक आज तो काढून पुन्हा दोन एस.यू. बसवतात. तोच रबरी पडदा आणि तीच लोंबती सुई जपानी मोटारसायकलींच्या कार्ब्युरेटरांत गेली आणि तिथून आपल्या बजाज पल्सरच्या बऱ्याच मॉडेलांत आली. पुण्याच्या रस्त्यांवर पल्सर चालवलेल्या कितीतरी जणांच्या मांडीखाली स्किनरची कल्पना वरखाली होत होती. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यावर त्या जागी फ्युएल इंजेक्शन आले.

ब्रिटनमध्ये मिनीवर एस.यू. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला. मोटार कारखान्यांना त्याची गरज उरली नाही तेव्हा १९९६ मध्ये सॉल्झबरीच्या बर्लन कंपनीने एस.यू.चे नाव आणि सारे हक्क घेतले. आज तिथे नवे कार्ब्युरेटर, जेट, सुया आणि दुरुस्तीचे संच बनतात. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण त्यातून निघालेल्या गाड्यांचा कार्ब्युरेटर कोरा करकरीत मिळतो, ही गोष्ट मला थोर वाटते.

तरी नवा घेण्यापेक्षा जुनाच नीट करावा, असे माझे मत आहे. घुमट आणि दट्ट्या सहसा झिजत नाहीत, झिजतो तो थ्रॉटलचा आस. त्याच्या दोन्ही टोकांना वर्षानुवर्षे खेळ पडतो, तिथून चोरून हवा आत येते आणि आयडलिंग कधीच एका जागी बसत नाही. मालक जेट फिरवत राहतो, दोष मात्र आसाच्या भोकात असतो. भोके मोठी करून नव्या बुश बसवल्या, नवा आस घातला की तेच यंत्र पुन्हा कारखान्यातून आल्यासारखे वागते. जुन्या एच प्रकारांत जेटच्या भोवती बुचाच्या लाकडाच्या सीलच्या कड्या असतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की त्या सुकतात आणि पेट्रोल ठिबकू लागते. म्हणून कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवण्यापेक्षा गाडी वरचेवर चालवणेच बरे. किल्ली फिरवल्यावर मागून एस.यू.चा विजेचा पंप टिकटिकतो आणि भांडी भरली की थांबतो. थांबलाच नाही तर फ्लोटची सुई गळते आहे असे समजावे आणि आधी आग विझवायचे साधन कुठे आहे ते पाहावे.

सध्याची चिंता इथेनॉलची आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागले, आपल्याकडे तर आता वीस टक्के. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, पाणी शोषून ॲल्युमिनियमवर पांढरी पूड जमवते. त्यासाठी वेगळ्या रबराच्या नळ्या, सील आणि आत पेट्रोल न भरणारे भरीव फ्लोट आता मिळतात. दुसरा परिणाम मिश्रणावर. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे पूर्वी बरोबर बसवलेले इंजिन आता लीन चालते, गरम होते, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफटते. यावरचा उपाय स्किनरच्या यंत्रात पहिल्यापासून होता. जेटचा नट एक-दोन बाजूंनी खाली आणायचा, पिन उचलायची, ऐकायचे. आयडलिंगला जमले आणि भर चालीला अजून लीनच वाटले, तर मधल्या नि वरच्या टप्प्यावर थोडी बारीक असलेली सुई निवडायची. तीही सॉल्झबरीहून मागवता येते.